पूर्वेच्या भिंतीजवळचा कूलर

"तुमच्या झोपायच्या खोलीचं चित्र काढून दाखवा," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

जळगावातलं छातीच्या आजारांचं क्लिनिक होतं ते. टेबलावर माझा एचआरसीटी पडलेला होता. एचआरसीटी म्हणजे फुफ्फुसांचे पातळ पातळ काप दाखवणारा स्कॅन. त्यात माझ्या फुफ्फुसांवर धुकं पसरल्यासारखं दिसत होतं. आमचे हे खाली औषधांच्या दुकानात गेले होते. मी जन्मभर मराठी शिकवलं, चित्रकलेशी माझा संबंध नाही. पण ती खोली मी झरझर काढली, कारण त्याच उन्हाळ्यात मी ती दुसऱ्यांदा काढत होते. पहिल्यांदा काढली होती ती फेंगशुईच्या सरांसाठी.

बाईंनी कागद आपल्याकडे फिरवला. पलंग कुठे, दार कुठे, हे बघितलं. मग भिंतीला लागून असलेल्या एका चौकोनावर पेन टेकवून हे काय म्हणून विचारलं. मी म्हटलं, कूलर.

"खोलीच्या आत?"

"हो. पूर्वेच्या भिंतीजवळ."

"आणि ही खिडकी?"

"ती बंद असते."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस आहे."

एवढं लांब नाव मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं. त्यांनी समजावलं ते असं. हवेतून काही सूक्ष्म गोष्टी सतत आत गेल्या की काही जणांची फुफ्फुसं त्यांच्यावर चिडतात आणि सुजतात. कुणाची कबुतरांच्या विष्ठेने चिडतात, कुणाची कुजलेल्या चाऱ्याने. माझी बहुधा बुरशीने चिडली होती. कूलरच्या गवतात आणि टाकीतल्या शिळ्या पाण्यात वाढलेली बुरशी मी बंद खोलीत रात्रभर ओढत होते. टीबी नव्हता, कॅन्सर नव्हता. कारण लगेच दूर केलं तर सूज उतरते. नाही केलं तर फुफ्फुसांत व्रण पडतात, त्याला फायब्रोसिस म्हणतात, आणि व्रण पडलेला भाग पुन्हा फुगत नाही.

"कूलर आत कुणी घेतला?" त्यांनी सहज विचारलं.

मी दाराकडे बघितलं. जिन्यावर यांची पावलं वाजत होती. औषधांची पिशवी घेऊन हे वर येत होते. कूलर आत यांनीच घेतला होता, माझी तब्येत सुधारावी म्हणून.

आता मुळापासून सांगते. खानदेशात कूलर नाही असं घर शोधून सापडणार नाही, आणि उन्हाळ्यात खोकणारं माणूसही घरोघरी असतं. त्यातल्या एखाद्याला तरी उपयोग व्हावा म्हणून लिहीत आहे. नाहीतर या आजाराचा मला इतका कंटाळा आला आहे की त्याचं नावही काढू नये असं वाटतं.

आदल्या वर्षी मला चिकनगुनिया झाला होता. ताप गेला, पण सांधे महिनोन्‌महिने धरून राहिले. शाळेत उभं राहून शिकवताना गुडघे बोलायचे. तेवढ्यात हे जिल्हा परिषदेतून रिटायर झाले. रिटायर झालेला नवरा म्हणजे घरात नव्याने बदलून आलेला साहेब. आधी डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या, मग गॅसच्या नळीची तपासणी झाली, आणि शेवटी माझी तब्येत हा विषय यांनी हातात घेतला.

आमचं घर बौद्ध. धुळ्याच्या देवपुरात घर बांधलं तेव्हा ठेकेदाराने स्वयंपाकघर आग्नेयेला घेऊ का असं विचारलं होतं. यांनी त्याला उभ्या उभ्या बावीस प्रतिज्ञा ऐकवल्या आणि नळ जिथे जवळ पडेल तिथे स्वयंपाकघर घ्यायला लावलं. वास्तुशास्त्राचं नाव आमच्या घरात निघत नव्हतं. मला त्याचा अभिमान होता, अजून आहे.

पण फेंगशुई वेगळं, असं हे म्हणायला लागले. मोबाइलवर रोज दुपारी त्याचे व्हिडिओ बघायचे. हे आपल्या इथल्या पंडितांचं नाही, चीनचं आहे. चीन म्हणजे बौद्ध देश. म्हणजे एका अर्थी आपलंच. असा तो हिशेब. माणूस शिकलेला, आयुष्यभर सरकारी फायलींतल्या चुका काढलेला, पण पुढच्या दाराने हाकललेला पाहुणा मागच्या दाराने आला तर यांनी त्याला पाट मांडून बसवलं. आमच्यासारख्या घरातच होऊ शकते अशी ही चूक. दुसऱ्या कुणी सरळ वास्तूवाला बोलावला असता.

फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी, असं यांनी मला समजावलं. मी म्हटलं, धुळ्यात दोन्हींची टंचाईच आहे, आलं तर बरंच होईल.

मग ते सर आले. तरुण, नम्र, हातात होकायंत्र. मी काढलेला खोलीचा नकाशा त्यांनी टेबलावर पसरला. त्यांच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. त्यांनी पोहे खाल्ले, मला त्रास होऊ नये म्हणून हळू बोलले, आणि जे शिकले होते ते सांगितलं. दक्षिण दिशा अग्नीची. तुमचा कूलर दक्षिणेच्या खिडकीत आहे, म्हणजे पाणी अग्नीला विझवतं. पूर्व ही आरोग्याची दिशा, तिथे पाणी हवं. खिडकी दारासमोर आहे, त्यामुळे चांगली ऊर्जा शिरते तशी निघून जाते, ती बंद ठेवा. आणि पूर्वेचं पाणी कधी आटू देऊ नका.

कूलर खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवर असतो आणि बाहेरची कोरडी हवा आत फेकतो, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. तो आत घेऊन खिडकी लावली की तीच ओली हवा फिरत राहते आणि अंग चिकट होतं. मी हे बोलले. शेजारीही बोलले. पण यांनी स्टँड उतरवला होता, कूलर पूर्वेच्या भिंतीजवळ लागला होता, आणि वर पंखा जोरात सोडला होता. टाकीतलं पाणी फेकायचा प्रश्नच नव्हता. आमच्या भागात नळाला पाणी आठवड्याने येतं. धुळ्यात कूलरचं पाणी बदलत नाहीत, वरून भर घालतात. त्यात आता पाणी आटू द्यायचं नव्हतं. मग रोज एक बादली वरून.

कूलरवर यांनी लाफिंग बुद्धा मांडला. त्याच आठवड्यात नरडाण्याकडच्या गावाहून माझ्या सासूबाई आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणतात. त्या मूर्तीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"नाना, हाऊ आपला बुद्ध नही शे," त्या यांना म्हणाल्या. "हाऊ ते पोट सुटेल शेठ दिखस."

यांनी त्यांना चीन समजावून सांगितला. अक्कांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि वंदना मात्र हॉलमधल्या आपल्या मूर्तीसमोर म्हटली.

होळीनंतर मला कोरडा खोकला लागला. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं म्हणतात. माझं मुंगीच्या पावलांनी आलं, त्यामुळे कुणाला ऐकूच गेलं नाही. संध्याकाळी अंग तापायचं, सकाळी छाती जड. वजन उतरलं तेव्हा स्टाफरूममध्ये बायका म्हणाल्या, मॅडम, बारीक झालात, छान दिसता.

घरच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. ते संपलं, खोकला संपला नाही. मग दुसरं दिलं. मग बेडका तपासला, टीबी निघाला नाही. एक्स-रे काढला, त्यात थोडं पांढरं दिसलं. दमा असेल म्हणून इनहेलर दिला, म्हणजे तोंडाने ओढायचं औषध. मी ते इमानाने ओढत होते. बाकड्यावर बसायचं, नंबर यायची वाट बघायची, भिंतीवरचं स्तनपानाचं पोस्टर वाचायचं, घरी यायचं. ते पोस्टर मला अजून पाठ आहे.

माझं बिघडलं की हे सरांना फोन लावायचे. मग घरात नवीन काहीतरी यायचं. दाराला वाऱ्याने वाजणाऱ्या नळ्या आल्या. खिडकी बंद असल्यामुळे त्या वाजत नसत, येता-जाता यांच्या डोक्याला लागत. पूर्वेला झाडं हवीत म्हणून पलंगाशेजारी कुंड्या आल्या, त्यांनाही पाणी. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं माझं चाललं होतं. पण मी फारसा विरोध केला नाही. एक तर भांडायला अंगात त्राण नव्हतं. दुसरं म्हणजे हे रात्री उठून माझी पाठ चोळायचे आणि माझा श्वास ऐकत बसायचे. माणूस घाबरला होता. घाबरलेल्या माणसाच्या हातातलं काम काढून घेऊ नये असं मला वाटलं.

आठवीच्या वर्गात मी कविता चालीवर म्हणते. पहिली नोकरी लागली तेव्हापासूनची सवय. एप्रिलच्या सुमाराला एका कवितेच्या दुसऱ्या ओळीत माझा दम संपला. मी फळ्याला हात टेकून उभी राहिले. पोरं हसली नाहीत, गप्प बसली, आणि मला तेच फार लागलं. निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. ती वर्गात काढायची की पलंगावर, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता, आणि तो मी कुणाला बोलून दाखवला नव्हता.

सुट्टी लागल्यावर मी माहेरी फैजपूरला गेले. भावाचं घर मोकळं, झोपायला गच्ची. चार-सहा दिवसांत खोकला उतरला. वहिनी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, करत होती, मी तिच्याबरोबर ओल्या कापडावर थापायला बसले आणि गप्पा मारता मारता लक्षात आलं की मी दम न लागता बोलते आहे. फोनवर ते ऐकून यांना रडू आलं. सरांचा उपाय लागू पडला असं यांना वाटलं.

धुळ्याला परतले आणि दुसऱ्याच संध्याकाळी ताप. पुन्हा एकदा फैजपूरला गेले, पुन्हा बरी झाले, परत आले, पुन्हा आडवी. यांनी सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, दोष घरातच आहे. आज विचार करते तर त्या सगळ्या उन्हाळ्यात खरं निदान पहिल्यांदा त्यांनीच केलं होतं.

एका सकाळी बेसिनशी तोंड धुता धुता मी खाली बसले ते मला उठता येईना. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचा आकडा बघून यांनी फेंगशुई बाजूला ठेवलं आणि गाडी बोलावली. भावाने जळगावच्या बाईंची वेळ घेऊन ठेवली होती.

तिथल्या तपासण्यांचं थोडं सांगते, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. पीएफटी म्हणजे नळीत फुंकर मारून फुफ्फुसांची ताकद मोजतात. मुलीच्या वयाची टेक्निशियन "अजून, अजून, अजून" म्हणत राहते आणि आपण रडकुंडीला येतो. ब्राँकोस्कोपी म्हणजे नाकातून बारीक दुर्बीण छातीत नेतात आणि थोडं पाणी सोडून परत ओढतात. घसा बधिर करतात. दुखत नाही, पण नको वाटतं. रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि तो वेळ सगळ्यात वाईट. कॉरिडॉरमध्ये मी यांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसायची आणि हे समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे. बहुतेक तिची दिशा ठरवत असतील.

तर त्या दिवशी हे औषधांची पिशवी घेऊन आत आले. बाईंनी ती लांबलचक व्याधी यांनाही समजावली आणि माझं चित्र यांच्यापुढे ठेवलं. कूलर बाहेर काढा, गवत फेका, कुंड्या काढा, खिडकी उघडा, भिंती घासा. तोपर्यंत मला त्या घरात न्यायचं नाही. हे मान हलवत राहिले, वरिष्ठांनी फाईल परत केल्यावर हलवायचे तशी. तो कागद घडी करून खिशात घातला.

फैजपूरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. हे एरवी सगळीकडे बोट दाखवणारे, त्या दिवशी मांडीवरच्या पिशवीकडे बघत होते. जेवणं झाल्यावर भावाच्या ओट्यावर आम्ही दोघंच होतो. तेव्हा यांनी विचारलं.

"मीच केलं ना हे?"

खरं सांगते, मला राग आला होता. गाडीत बसल्यापासून तो वर येत होता. उन्हाळाभर मी मरत होते आणि उन्हाळाभर हा माणूस मला प्रेमाने मारत होता. नाही हो, तुमचा काय दोष, असं म्हणायला हवं होतं. सोसायटीतल्या सगळ्या बायका तसं म्हणाल्या असत्या. पण खोटं बोलायलाही दम लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता.

"हो," मी म्हटलं. "पण माझ्यासाठी केलंत."

उठून आत गेले आणि माझी गोळी आणि पाणी घेऊन आले. आपल्या हाताने देताना थांबले, पेला ओट्यावर ठेवला, आणि मी उचलण्याची वाट बघत उभे राहिले. पुढे काय होणार आहे ते मला तिथेच कळायला हवं होतं.

ती गोळी प्रेडनिसोलोनची, म्हणजे स्टेरॉइड. सूज उतरवते, पण फुकट काही देत नाही. चेहरा भाकरीसारखा फुगला. शुगर वाढली. झोप गेली आणि भूक अशी लागायची की वहिनीच्या डब्यातले शेंगदाणे मी चोरून खाल्ले. गोळी हळूहळू कमी करत आणतात, मनाने बंद करायची नाही. कितीही कंटाळा आला तरी नाही.

हे एकटे धुळ्याला जाऊन खोली साफ करत होते. फोनवर काय काय केलं ते सांगायचे. कुंड्या शेजारी दिल्या. गवत गावाबाहेर नेऊन टाकलं. अक्का मदतीला आल्या होत्या. जाताना त्यांनी लाफिंग बुद्धा पिशवीत घालून गावी नेला. यांनी विचारलं, तुला तर तो आवडत नव्हता ना. अक्का म्हणाल्या, "हासस ना भो तो, ऱ्हाऊ दे."

पावसाळा निम्मा सरल्यावर मी घरी आले. खोली नवी वाटावी इतकी स्वच्छ होती, भिंतींना चुना, खिडकी सताड उघडी. पण घरातला माणूस बदलला होता. डब्यांवरच्या चिठ्ठ्या गेल्या होत्या. पंखा लावू का, खिडकी लोटू का, चादर हीच घालू का, प्रत्येक गोष्ट हे मला विचारायला लागले. घरातली एकही खुर्ची यांनी जागची हलवली नाही. मी शाळेतून यायची तेव्हा पेपर सकाळच्याच जागी पडलेला. इतकी वर्षं ज्या लुडबुडीला मी वैतागले, तिच्याशिवाय घर मला ओसाड वाटायला लागलं. मी समजावलं, चिडले, एकदा रडलेही. हे म्हणायचे, नको, माझं काही खरं नाही.

शेवटच्या एचआरसीटीत धुकं बरंचसं गेलं होतं. खाली एका कडेला थोडे व्रण राहिले, ते राहणार. जिना मला आता टप्प्याटप्प्याने चढावा लागतो. मुख्याध्यापकांनी माझे वर्ग तळमजल्यावर घेतले. कविता मी अजून चालीवर म्हणते, मध्ये दोनदा थांबून. पोरांना वाटतं ती चालच तशी आहे.

तुमच्या घरी कुणी असं खोकत असेल तर एवढंच बघा, ते माणूस परगावी गेल्यावर बरं होतं का. होत असेल तर डॉक्टरांना ते आठवणीने सांगा, विचारायची वाट बघू नका. कूलर खिडकीबाहेर ठेवा. गवत दरवर्षी बदला. पाण्याचा कितीही तुटवडा असो, टाकी वरचेवर रिकामी करून वाळवा आणि ते पाणी झाडांना घाला. आणि तुमच्यासाठी धडपडणाऱ्या माणसाला नावं ठेवायच्या आधी, तो नसता तर पाठ कुणी चोळली असती याचा विचार करा. बाईंचे उपकार मी फेडू शकत नाही. यांचेही नाही, पण ते यांना पटत नव्हतं.

यंदा पुन्हा होळी झाली, ऊन तापलं. कूलर दक्षिणेच्या खिडकीबाहेर जुन्या स्टँडवर लागला, नव्या गवताचा. रोज सुरू करण्याआधी हे तीनदा विचारायचे. मी कंटाळून हो म्हणायचे.

परवा शाळेतून आले. पायऱ्यांवर थोडी थांबले, मग आत शिरले. हॉलच्या कोपऱ्यात असलेली माझी वेताची खुर्ची तिथे नव्हती. मी आत बघितलं, तर ती मागच्या दारात, उंबऱ्याला लागून ठेवलेली. शेजारी तांब्या-भांडं. हे स्वयंपाकाच्या ओट्याशी उगाच काहीतरी पुसत उभे होते.

"इथे वारा लागतो," हे म्हणाले. आणि लगेच पुढे आले. "परत ठेवू का?"

मी खुर्चीत बसले. पांझरा नदीकडून गरम, कोरडा वारा येत होता. जेवढा आत घेता आला तेवढा घेतला.

"राहू द्या," मी म्हटलं. "तुमचीही इथेच आणा."